झोनच्या आतल्या तीन कॉलनी

खंडेनवमीला आमच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये पूजा होते, आणि कुठे काय ठेवायचं नाही याची यादी पूजेच्या सामानापेक्षा लांब असते. झेंडूचा हार इन्क्युबेटरच्या दाराला बाहेरून चालतो, बायोसेफ्टी कॅबिनेटला नाही, आणि मीडिया रूममध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या प्लेट्स ओततो तिथे, पाकळीसुद्धा नाही. झेंडूबरोबर बुरशीचे बीजाणू फुकट येतात आणि ओतून गार व्हायला ठेवलेल्या प्लेट्सवर दोन-तीन दिवसांत हिरवी-काळी लव उगवते. एका दसऱ्याला चाळीस ब्लड अगार प्लेट्स अशा फेकल्या आहेत. उदबत्ती दाराबाहेर, कारण धुराने हेपा फिल्टर भरतो. मायक्रोस्कोपला कुंकू बुडाला लावायचं. आयपीसवर कण राहिला की पुसताना काचेवर चरे पडतात. ही यादी आमच्या काकांनी केलेली. काका म्हणजे सीनियर टेक्निशियन. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीच्या रजेचा अर्ज जानेवारीतच दिलेला. झोन म्हणजे औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ. ते वाचण्यात त्यांच्या तोडीचा माणूस मला अजून भेटलेला नाही.

केस अशी. अडुसष्ट वर्षांचे आजोबा, आतड्याला छिद्र पडून पोटात पू, तातडीचं ऑपरेशन. घटस्थापनेच्या आदल्या रात्री रक्ताच्या कल्चरची (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची) बाटली आली, सकाळी मशीनने ती पॉझिटिव्ह दाखवली. ग्रॅम स्टेनने रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर लाल दांड्या. ओळख पटली ती एंटेरोबॅक्टर क्लोएकी या जंतूची. वॉर्डात सेफ्ट्रायाक्झोन हे अँटिबायोटिक आधीच सुरू होतं.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणतं औषध या जंतूला लागू पडतं याची चाचणी, लावणं बाहेरून पोरखेळ वाटतो: जंतू पसरा, औषधाच्या चकत्या ठेवा, सकाळी पट्टीने मोजा. घोळ होतो तो चकत्या ठेवायच्या आधी. प्लेटमधल्या म्यूलर-हिंटन अगारचा, म्हणजे जंतू वाढतात त्या जेलीचा, थर ४ मिमी हवा. पातळ ओतला तर झोन उगाच मोठा येतो आणि औषधाला दाद न देणारा रेझिस्टंट जंतू सेन्सिटिव्ह दिसतो. पीएच ७.२ ते ७.४. सलाइनमध्ये कालवलेले जंतू ०.५ मॅकफारलंड इतकेच गढूळ, म्हणजे मिलिलिटरला साधारण १५ कोटी, आणि ते १५ मिनिटांच्या आत वापरायचे. स्वॅब नळीच्या कडेवर दाबून पिळायचा, प्लेट ६०-६० अंशांनी फिरवत तीनदा रेघा ओढायच्या. नेहमीच्या लहान प्लेटवर पाचांपेक्षा जास्त चकत्या नाहीत. पैसे वाचवायला सात-आठ कोंबणारे लोक आहेत, त्यांचे झोन एकमेकांत घुसतात आणि मग अंदाजाने आकडे लिहिले जातात. ३५ अंशांवर १६ ते १८ तास. शेजारी कंट्रोल लावलेलं असतं: ई. कोलायचं एटीसीसी २५९२२ हे वाण, ज्याचा सेफ्ट्रायाक्झोनचा झोन २९ ते ३५ मिमीमध्ये आलाच पाहिजे. नाही आला तर त्या दिवसाचे सगळे आकडे कचरा.

आजोबांच्या जंतूचा झोन आला २६ मिमी. २३ आणि त्यावर सेन्सिटिव्ह. मी रिपोर्टवर सही केली. काकांनी प्लेट खाली ठेवलीच नव्हती. ट्यूबलाइटसमोर तिरपी धरून ते बघत होते. स्वच्छ झोनच्या आत, कडेपासून दोनेक मिलिमीटरवर, बारीक रव्याच्या कणाएवढ्या तीन कॉलनी, म्हणजे वाढलेल्या जंतूंचे ठिपके. रजिस्टरमध्ये त्यांनी लाल पेनाने लिहिलं: "झोनच्या आत ३." सही आधी झाली आणि प्लेट नीट नंतर पाहिली, हा क्रम चुकीचा होता. चूक माझी.

काकांनी त्यातली एक कॉलनी उचलून वेगळी वाढवली. भेसळ असेल अशी आशा होती. भेसळ नव्हती. तोच एंटेरोबॅक्टर, झोन फक्त १२ मिमी.

या जंतूची ही जुनी खोड आहे. सेफ्ट्रायाक्झोन फोडणाऱ्या अँपसी या एन्झाइमचा जीन त्याच्या स्वतःच्या क्रोमोसोमवरच असतो, फक्त एरवी दाबून ठेवलेला. दाबून ठेवण्याच्या कामात अँपडी नावाचं दुसरं एन्झाइम लागतं. गच्चीवरच्या टाकीतला बॉल कॉक डोळ्यांसमोर आणा. तो तुटला की पाणी थांबतच नाही. अँपडीच्या जीनमध्ये बिघाड झाला की अँपसी धो-धो तयार होतं आणि औषध निकामी. असा बिघाड झालेली पेशी ढोबळमानाने कोटीत एखादी सापडते. पुवात मिलिलिटरला दहा कोटी जंतू धरले तर अशा दहा पेशी, मिलिलिटरमागे. सेफ्ट्रायाक्झोन बाकीच्यांना मारतं आणि या दहांना मैदान मोकळं करून देतं. म्हणूनच एंटेरोबॅक्टरच्या रिपोर्टखाली एक ओळ जाते: उपचार चालू असताना रेझिस्टन्स येऊ शकतो, ताप परतला तर पुन्हा कल्चर पाठवा.

ती ओळ कोणी वाचत नाही. वॉर्डातल्या स्क्रीनवर औषधांची नावं आणि एस-आर (सेन्सिटिव्ह की रेझिस्टंट) एवढंच दिसतं, शेरा दुसऱ्या पानावर. सुधारित रिपोर्टही तिथेच जाऊन बसला. मी फोन केला, कोणीतरी "हो मॅडम, सांगतो" म्हणालं, शिफ्ट बदलली. दोन दिवस ताप उतरला होता, त्यामुळे सगळे खूश. सातव्या माळेला ताप परत चढला, आठव्या माळेला नवं कल्चर पॉझिटिव्ह आलं, आणि खंडेनवमीच्या सकाळी दुसरी प्लेट आमच्यासमोर होती. सेफ्ट्रायाक्झोन १२ मिमी, आत-बाहेर सारखी दाट वाढ. दुसरी दोन अँटिबायोटिक मात्र चालत होती: सेफेपीम २७, मेरोपेनेम २८. लाल पेनाची नोंद आता पेशंटच्या रक्तात होती.

सर्जरीचा रेसिडेंट रिपोर्ट घ्यायला खाली आला तेव्हा काका इन्क्युबेटरला हार घालत होते. पोरगा हुशार आहे, पण जीभ तिखट. म्हणाला, "काका, आत उत्क्रांती चाललीय आणि बाहेर तुम्ही पूजा करताय. दोन्हींपैकी एक काहीतरी ठरवा."

काकांनी हार सरळ केला. "पूजेने झोन बदलत नाही, डॉक्टर. बदलला असता तर कंट्रोलमध्ये दिसला असता. काल ३१ होता, आज ३१ आहे."

रेसिडेंट हसला आणि गेला. मला मात्र त्याचा प्रश्नच कच्चा वाटला. देव आणि उत्क्रांती एकत्र नांदतात का, हा वाद आपल्याकडे नेहमी माकडापाशी अडतो. २०१८ च्या जानेवारीत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला म्हणाले की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेलं नाही, डार्विन चुकीचा आहे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना त्याविरुद्ध निवेदन काढावं लागलं. दुसऱ्या टोकाला दशावतारवाले. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, बघा, आपल्याला आधीच माहीत होतं! मग वामनानंतर परशुराम, राम, कृष्ण यांच्यात कोणता जैविक फरक झाला, ते सांगा. अवतार एकामागून एक येतात, एकातून दुसरा जन्मत नाही. त्यात निवड नाही, नष्ट होणं नाही. दशावतारांना डार्विनची पावती लागत नाही आणि डार्विनला दशावतारांची. दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिला धडा शिकून आलेली मुलंसुद्धा हेच दोन मुद्दे घेऊन भांडतात.

खरी अडचण काकांनी काढली, दुपारी डबा खाताना. "मॅडम, औषध आलं म्हणून जंतूने स्वतःला बदललं ना? मग ही बुद्धी त्याला कोणीतरी दिलीच की."

माकड, पृथ्वीचं वय, यातल्या कशाचाच काकांना त्रास नव्हता. लाखो वर्षं पांडुरंगाला जड नाहीत. त्यांना हवं होतं एवढंच, की बदल गरज ओळखून यावा. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे नेमके इथेच उभे होते. पक्के ख्रिस्ती, आणि अमेरिकेत डार्विनची बाजू लावून धरणारे पहिले. त्यांचं म्हणणं, नैसर्गिक निवड मान्य, पण ज्यातून निवडायचं ते फरक देवाने उपयोगी दिशेने वळवलेले असावेत. डार्विनला ते पटलं नाही. १८६८ मध्ये त्याने उत्तर दिलं: कड्यावरून पडलेल्या दगडांतून गवंडी घर बांधतो, पण म्हणून ते दगड त्याच्या घरासाठी तसे फुटलेले नसतात. जंतूंच्या बाबतीत हा वाद १९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी नळ्या आणि प्लेट्स घेऊन मिटवला.

तो प्रयोग आमच्याकडच्या सामानात होतो. दसऱ्याची सुटी झाल्यावर लावला. आजोबांचा पहिला, २६ मिमीवाला जंतू घेतला. बारा नळ्यांत प्रत्येकी थोड्याशाच पेशी टाकून रात्रभर वेगवेगळ्या वाढवल्या. तेराव्या नळीत तोच जंतू. मग प्रत्येक नळीतला ०.१ मिली सेफ्ट्रायाक्झोन घातलेल्या प्लेटवर पसरला, मिलिलिटरला १६ मायक्रोग्रॅम. तेराव्या नळीतून मात्र सहा वेगळ्या प्लेट्स केल्या, एकाच नळीतले आकडे आपसांत किती हलतात ते बघायला. सुरुवातीला पेशी जास्त पडल्या तर बिघडलेली एखादी आधीच आत येते आणि सगळं फुकट जातं, म्हणून दहापट पातळ करण्याच्या पायऱ्या काकांनी दोनदा तपासल्या.

औषध बघून जंतू बदलत असेल तर सगळ्या प्लेट्सवर जवळपास सारखा आकडा यायला हवा, कारण औषध सगळ्यांना एकाच वेळी, सारखंच भेटलं. बदल आधीच, आपोआप होत असेल तर ज्या नळीत तो लवकर झाला तिथे त्याची पिलावळ मोठी, जिथे उशिरा झाला तिथे दोन-चार, जिथे झालाच नाही तिथे शून्य. तेराव्या नळीच्या सहा प्लेट्स: २२, २७, १९, २५, २३, २८. बारा वेगळ्या नळ्या: ३, ०, ११, १, २१४, ६, २, ०, ३८, ४, ९, १.

काकांनी बाराही प्लेट्स टेबलावर ओळीने मांडल्या. पाचवीवर बराच वेळ बोट ठेवून उभे राहिले. "म्हणजे औषध भेटायच्या आधीचं हे." मी म्हटलं, हो. "आणि मोडूनच झालेलं." बॉल कॉक, मी म्हटलं. "मग बुद्धी नाही," काका म्हणाले, आणि माळेशी चाळा करत गप्प झाले. त्यांची श्रद्धा ढासळली असं काही दिसलं नाही. संध्याकाळी निघताना लॅबमधल्या विठोबाच्या कॅलेंडरला रोजच्यासारखा हात जोडला. कुठली गाठ त्यांनी सोडली आणि कुठली तशीच ठेवली, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मी स्वतः देवपूजा करत नाही. त्यांच्या जागी मला हे इतकं शांतपणे झेपलं असतं का, शंका आहे.

दुसऱ्या दिवशी प्लेट्स ऑटोक्लेव्हला टाकताना त्यांनी शून्याच्या दोन प्लेट्स बाजूला काढल्या. "मॅडम, या नळ्यांतले जंतू आजोबांच्या पोटात असते, तर सेफ्ट्रायाक्झोनने भागलं असतं?"

तत्त्वतः हो, नळीत खरोखरच शून्य असेल तर. "मग त्यांच्याच पोटात पाचवी नळी का?"

याला माझ्याकडे फक्त लॅबमधलं उत्तर होतं. नळीत चारच मिलिलिटर होते. खंडेनवमीलाच सोनोग्राफीत आजोबांच्या डायाफ्रामखाली गळू सापडलं होतं आणि नळी घालून त्यातून १८० मिली पू काढला होता. मिलिलिटरला दहा कोटी धरले तरी अठराशे कोटी जंतू. एवढ्या मोठ्या संख्येत शून्य येतच नाही. लहान नळीत जे नशीब असतं, ते गळवात खात्रीचं होतं. त्यामुळे तिथे प्रश्न 'याच्याच पोटात का' असा उरत नाही. गळू वेळेत रिकामं का केलं नाही, एवढाच उरतो.

काकांनी ऐकून घेतलं. "हे वॉर्डात कळवलं का?" एवढंच विचारलं.

मेरोपेनेम १४ दिवस चाललं, आजोबा चालत घरी गेले. मुलाने तुळजापूरचा नवस बोलला होता तो फेडला, पेढे आयसीयूपर्यंत आले. मायक्रोबायोलॉजीपर्यंत पेढे येत नाहीत, ही परंपरा आहे. रिपोर्टमधली ती ओळ पहिल्या पानावर, औषधांच्या यादीच्या वर घ्या, असा अर्ज मी आयटीला दिला आहे. तोपर्यंत काका एंटेरोबॅक्टरच्या प्रत्येक रिपोर्टची प्रिंट काढतात, शेरा लाल पेनाने अधोरेखित करतात आणि स्वतः वॉर्डात नेऊन देतात.