डोंगरावर दोघांचंच लग्न
डोंगरात गुपचूप लग्न करायचं ठरलं की सगळे आधी कपडे आणि फोटोच बघत बसतात, पण खरा घोळ होतो वेळेचा. उन्हाळ्यात उंचावर बऱ्याचदा दुपारनंतर ढग भरून येतात, विजा कडाडायला लागतात, म्हणून सरळ पहाटेचं ठरवा, गर्दी पण नसते. दर १००० मीटरला साधारण ६ डिग्रीने गारठा वाढतो, तेव्हा त्या झिरझिरीत ड्रेसखाली थर्मल घालाच, कोण बघतंय! २५०० मीटरच्या वर जाणार असाल तर एक-दोन दिवस आधी पोचा, नाहीतर ऐन शपथा घेताना डोकं ठणकतं. शपथा सुट्या कागदावर नकोत, वाऱ्याने उडतात, छोटी वही बरी. सह्यांचं काम मात्र आधी खालीच उरका, साक्षीदारांना उगाच वर कशाला दमवायचं?