सखी केंद्र चालवताना: पाळ्या, नोंदी आणि सुपरव्हिजन

लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईला आधार देणारं केंद्र ढेपाळतं ते बहुधा पाळ्यांच्या नियोजनात. २०१५ पासून सुरू झालेली 'सखी' वन स्टॉप सेंटर २४ तास चालवायची असतात, त्यामुळे केंद्र प्रशासकाने आधी रात्रपाळीकडे बघावं. एकाच समुपदेशकावर सलग रात्रपाळ्या टाकल्या की ती ऐकेनाशी होते, नुसते फॉर्म भरते. रात्रपाळीनंतरची सुट्टी रद्द करू नका. कुणी आजारी पडलं तर कोण येणार, ते नाव आधीच तक्त्यावर हवं.

पाळी बदलताना तोंडी निरोप चालत नाही. पीडितेची वैद्यकीय तपासणी झाली का, कशाला संमती दिली आणि कशाला नाही, पुढचं काम कुणाचं, हे वहीत लिहा. तिला कोणत्या नंबरवर, किती वाजता फोन केलेला चालतो, हेही. नेमकं हेच राहून जातं आणि फोन घरातलं दुसरंच कुणीतरी उचलतं. वहीत केस क्रमांकच, नाव नाही. नाव कुलपातल्या फाइलीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नकोच. पीडितेची ओळख छापणं-प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

कामावर आलेल्या नव्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावा: 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका. पीडित मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं.

सुपरव्हिजनचा, म्हणजे समुपदेशकांनी वरिष्ठांपाशी कामाचा ताण बोलून दाखवण्याचा, आठवड्याचा तास प्रलंबित केसेसच्या बैठकीत मिसळू नका, आकडेच तो खाऊन टाकतात. त्या तासात एवढंच विचारा: घरी गेल्यावरही कोणती केस डोक्यातून जात नाही?