आबांचा वस्तरा मायक्रोस्कोपखाली

आज मित्राच्या कॉलेजच्या लॅबमधे दुपारभर बसून होतो, नागपुरात बर्डीहून डबल सीट गेलो, खिशात रुमालात गुंडाळलेला आबांचा वस्तरा. महाल भागातल्या घरी आबा रोज सकाळी चामड्याच्या पट्ट्यावर त्याला फिरवायचे तो आवाज अजून कानात आहे.

काल रात्री १००० ग्रिटच्या दगडावर घासला (ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक), मग ८००० वर, आणि वाटलं झालं आता, हातावरचे केस पटापट उडून राहिले होते ना भाऊ. पण ४०० पट मोठं करून पाहिलं तर धारेच्या मागे १००० वाल्या दगडाचे चरे तसेच, नांगरलेल्या वावरासारखे, अन् टोकाकडे एक टवका! आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड, हा टवका पाचेक मायक्रॉनचा असेल, डोळ्याला दिसणारच नाही, पण गालाला बरोबर समजतो.

मित्राने धार सरळ वर करून लेन्सखाली धरली. जिथे धार खरी तिथे काहीच दिसत नाही, काळं. जिथे बोथट तिथे उजेड परततो, पांढरी बारीक रेघ चमकते. मी दहा मिनिटं नुसता त्या रेघेकडेच पाहत होतो.

घरी येऊन परत १००० पासून सुरुवात केली, टवका जाईपर्यंत. आबांकडे तर साधं भिंगसुद्धा नव्हतं, अंगठ्यावर हलकेच टेकवून सांगायचे, "अजून नाही झाली."