हात आखडण्याआधी

सोमवार

कंजूष माणूस आपल्याला लांबूनही ओळखता येतो. अट एवढीच की तो दुसरा कुणीतरी असावा. स्वतःच्या बाबतीत आपण त्याला काटकसर म्हणतो, व्यवहार म्हणतो, ‘पुढचं बघायला नको का’ म्हणतो.

चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण रोजच्या दिवसात माणसं आपल्याकडे पैसे मागतात कितीदा? मागतात ती दहा मिनिटं, एखादी माहिती, कुणाचा तरी फोन नंबर, थोडं थांबणं, ‘छान झालंय’ एवढे दोन शब्द. यातलं काहीही दिलं तर घरात खड्डा पडत नाही. तरी हात आखडतो. मला त्याचं कुतूहल वाटायला लागलंय. द्यावंसं वाटणं आणि प्रत्यक्ष देणं यांच्यामध्ये दोन-तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात मनात कुणीतरी वही उघडून बसतं. तो कारकून काय लिहितो ते या आठवड्यात बघायचं ठरवलंय.

मंगळवार

कपाटाचा वरचा कप्पा काढला. ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेल्या वस्तू वर्षानुवर्षं लागत नाहीत, आणि दिल्या की दुसऱ्याच दिवशी लागतील अशी भीती मात्र जात नाही. एक टेबललॅम्प, न वापरलेल्या वह्यांचा गठ्ठा, आता अंगाला न होणारे पण ‘कापड काय आहे बघ’ असे कपडे. कुणी मला हा लॅम्प विकायला आणला असता तर मी मान वर करूनही पाहिलं नसतं. पण ‘देऊन टाकू का?’ म्हटल्यावर तो एकदम देखणा दिसायला लागला.

हे माझ्या एकटीचं नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना एकेक साधा कप दिला आणि मग खरेदी-विक्री करायला सांगितलं. ज्यांच्या हातात कप होता त्यांनी मागितलेली किंमत, घेणारे द्यायला तयार होते तिच्या साधारण दुप्पट निघाली. कप तोच, आणि मालकी थोड्याच वेळापूर्वीची. एवढ्यात जर किंमत दुप्पट होत असेल, तर बारा-पंधरा वर्षं कप्प्यात राहिलेल्या लॅम्पची काय होत असेल!

यावरून माझ्यापुरता एक उपाय सुचला. ‘हे देऊ का?’ असं विचारायचंच नाही. ‘हे माझ्याकडे नसतं तर मी आज विकत आणलं असतं का?’ असं विचारायचं. कप्पा अर्ध्याच्या वर रिकामा झाला. कपडे मात्र देताना धुऊन, बटणं बघून द्यायचे असं ठरवलं. फाटकं, विटकं, बंद पडलेलं दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं आणि त्याला दान म्हणायचं, याची मला चीड आहे. तो कचरा टाकायचा एक सभ्य मार्ग आहे, बाकी काही नाही.

बुधवार

ऑफिसात नवीन आलेल्या मुलीनं विचारलं, “ताई, महिन्याचा अहवाल तुमचा एवढ्या लवकर कसा होतो?”

होतो, कारण मी त्यासाठी एक एक्सेलची फाईल करून ठेवली आहे. सगळी सूत्रं बसवलेली. आकडे टाकले की अहवाल तयार. तिनं विचारल्याबरोबर कारकुनानं वही उघडली. पहिली नोंद: ‘ही बनवायला किती रात्री घालवल्या!’ दुसरी: ‘सगळ्यांकडे गेली तर आपलं वेगळेपण काय उरलं?’ आणि तिसरी, जी मला सगळ्यात विचित्र वाटली: ‘आपल्याला कुणी दिली होती का अशी तयार फाईल?’

या तिसऱ्या नोंदीवर मी दिवसभर अडकले. पहिल्या दोन्हींमध्ये निदान स्वार्थ तरी आहे, स्वार्थ समजतो. तिसरीत माझा काडीचाही फायदा नाही. मी खाल्लेल्या खस्ता तिनंही खाव्यात, एवढंच त्यात आहे. सासूनं छळलं म्हणून सुनेला छळणं याच जातीचं. घरात, नोकरीत, कलेत, खेळात, सगळीकडे हे चालतं आणि वर त्याला ‘शिस्त लागते’, ‘माणूस घडतो’ अशी भारदस्त नावं मिळतात. माणूस घडतोही, नाही असं नाही. पण जो काहीच न सांगता तुम्हाला घडू देतो, त्याला त्याचं श्रेय कशाला?

फाईल पाठवली. शिवाय दोन सूत्रं कुठे अडकतात तेही लिहून दिलं, कारण ते न सांगता फाईल देणं म्हणजे पुन्हा हात राखूनच देणं.

संध्याकाळी इंटरनेटचा इतिहास आठवला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला माहिती शोधायला ‘गोफर’ नावाची एक व्यवस्था होती, मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेली, आणि लोकांना आवडलेली. १९९३ च्या सुरुवातीला विद्यापीठानं तिच्या काही वापरांसाठी शुल्क घेण्याचं जाहीर केलं आणि लोक बिचकले. त्याच वर्षी ३० एप्रिलला युरोपातल्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेनं टिम बर्नर्स-ली यांच्या वर्ल्ड वाइड वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं करून टाकलं, कसलंही शुल्क न घेता. पुढचं आपण सगळे रोज वापरतो. गोफर मागे पडण्याचं हे एकमेव कारण नसेल, पण मोठं कारण नक्कीच होतं.

अर्थात, ‘द्या, म्हणजे तुमचंच भलं होईल’ हा हिशेब मला पटत नाही. तो कारकुनाचाच हिशेब झाला, फक्त मुदत लांबची. ज्ञानाच्या बाबतीत एवढंच खरं की ते दिल्यावरही आपल्याकडे राहतं. तरीही ते देताना लॅम्पपेक्षा जास्त जिवावर येतं, याचं मला नवल वाटतं.

गुरुवार

दिवसभर धावपळ. रांगेत पुढे असलेल्या आजोबांचा फॉर्म चुकला, त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि आम्ही सगळे एकदम आपापल्या मोबाईलमध्ये शिरलो. शेवटी एका कॉलेजच्या मुलानं भरून दिला. तो आमच्याहून चांगला माणूस असेलही. पण मला वाटतं, त्याला फक्त घाई नव्हती.

असं वाटायला आधार आहे. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनला धर्मोपदेशक होऊ घातलेल्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायला सांगितलं. वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत वाकून बसलेला. तोही प्रयोगाचाच भाग. काहींना सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे, काहींना की वेळेत पोचाल, आणि काहींना की उशीर झालाय, पळा. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, मधल्या गटातले ४५ टक्के, आणि घाईतले अवघे १० टक्के. गंमत म्हणजे त्यातल्या काहींना पलीकडे जाऊन जे बोलायचं होतं त्याचा विषयच जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाच्या गोष्टीचा होता. विषय तो असला म्हणून थांबणाऱ्यांमध्ये फारसा फरक पडला नाही.

म्हणजे उदार व्हायचं असेल तर स्वभाव बदलण्याआधी घरातून दहा मिनिटं लवकर निघावं. फार थोर वाटत नाही हे, पण करता येतं. दिवस काठोकाठ भरलेला असला की माणूस कुणालाच काही देऊ शकत नाही, मग त्याच्या खात्यात कितीही असो.

शुक्रवार

आज काहीच नाही. झोप.

शनिवार

रक्तदान करून आले. तिथल्या खुर्चीत पडल्या पडल्या एक विचार आला. दिलेल्या रक्तातला पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. पण न देता जपून ठेवलं असतं तर काय झालं असतं? तांबडी पेशी शरीरात तशीही सुमारे १२० दिवसच जगते. मी सांभाळत होते त्यातलं बरंचसं चार महिन्यांत आपोआप मोडीत निघणार होतं. सुट्टीच्या रिकाम्या दुपारचं तेच, न सांगितलेल्या कौतुकाचंही तेच. आपण त्याला साठा समजतो. प्रत्यक्षात ते नुसतं वाहून जात असतं.

कौतुकाबद्दल तर वेगळं लिहायला हवं. दुसऱ्याचं काम मनापासून आवडलं, तर ते सांगायला आपला एक कणही खर्च होत नाही. तरी आपण ‘कळतं की त्याला’, ‘उगाच डोक्यावर बसेल’ म्हणून गिळतो. आणि मग एखाद्याच्या शोकसभेत तेच सगळं भरभरून बोलतो, जेव्हा ऐकायला तो नसतो. आज एका जुन्या शिक्षिकांना मेसेज केला. काय लिहिलं ते इथे लिहीत नाही. त्यांचं आहे ते.

‘देऊन आनंद होतो’ या वाक्याचा मला पूर्वी कंटाळा होता, फार गोडगोड वाटायचं. पण २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक प्रयोग वाचला आणि थोडी नरमले. लोकांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले. काहींना सांगितलं स्वतःवर खर्च करा, काहींना दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च केलेले लोक जास्त खूश होते, आणि रक्कम ५ होती की २० यानं फरक पडला नाही. इतरांना आधी अंदाज विचारला होता तेव्हा बहुतेकांनी उलट उत्तर दिलं: स्वतःवर, आणि २०. आपल्याला काय बरं वाटेल याबाबत कारकुनाचं गणित कच्चं आहे एवढं त्यातून कळतं. मात्र त्यासाठी पैसे देणं आणि मागोमाग स्वतःचा आनंद मोजत बसणं, हे नको.

रविवार

आज निवांत, म्हणून थोडं नीट लिहिते.

बाराव्या शतकात मायमोनिडीस नावाचा ज्यू तत्त्वज्ञ आणि वैद्य होऊन गेला. त्यानं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सगळ्यात खालची, कुरकुरत देणं. त्याच्या वर, हसतमुखानं पण द्यायला हवं त्याहून कमी देणं. मग मागितल्यावर देणं, मग मागण्याआधी देणं. त्याच्याही वर गुप्तपणे देण्याचे प्रकार आहेत, आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे समोरच्याला कर्ज देऊन, भागीदार करून किंवा काम मिळवून देऊन असं उभं करणं की त्याला पुन्हा मागावंच लागू नये. मला यात सगळ्यात आवडतं ते असं, की त्यानं कुरकुरत देणाऱ्यालाही यादीबाहेर काढलेलं नाही. तळाशी का होईना, आहे तो.

काहींचं देणं हे धरून ठेवण्याचाच दुसरा प्रकार असतो. ‘मी दिलेली साडी नेसली नाहीस एकदाही?’ ‘त्याला नोकरी मीच लावली, आता ओळख तरी दाखवतो का?’ वस्तू गेली, दोरी हातातच. अशा माणसाकडून घेण्यापेक्षा न घेतलेलं परवडतं. दिलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं याची चौकशी न करणं, हे मला देण्याहून अवघड वाटतं. लॅम्प ज्यांना दिला त्यांनी तो वापरला की पुढे आणखी कुणाला दिला, हे मला माहीत नाही आणि विचारणारही नाही. (विचारावंसं वाटतंय, हे नाकारत नाही.)

आणि याची दुसरी बाजू अशी की काहीजण भरभरून देतात, पण घेत मात्र काडीही नाहीत. ‘नको नको, तुला कशाला त्रास!’ मोठेपणा वाटतो, पण नीट पाहिलं तर वरचा हात कायम आपलाच राहावा एवढाच त्यात हट्ट असतो. समोरच्यालाही द्यावंसं वाटत असेल की! फ्लिन आणि लेक या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं होतं, की अनोळखी लोकांकडे एखादी छोटी मदत मागायची असेल तर माणसं नकाराचा अंदाज फार जास्त धरतात. प्रत्यक्षात त्यांनी धरलेल्यापेक्षा साधारण निम्म्याच लोकांना विचारावं लागलं. लोक द्यायला आपल्या समजुतीपेक्षा जास्त तयार असतात. आपणच विचारत नाही, आणि मग जग किती आपमतलबी झालंय म्हणून उसासे टाकतो.

ज्यांना ‘नाही’ म्हणताच येत नाही त्यांना मी उदार म्हणणार नाही. घरातल्या कुणाचा तरी वेळ, झोप, पैसा त्यांच्या होकारातून परस्पर खर्च होत असतो. दुसऱ्याच्या खिशातून सढळ हात दाखवणं सोपं आहे. म्हणून छोट्या गोष्टींना, ज्या फक्त माझ्या आहेत, कारकुनानं वही उघडायच्या आत हो म्हणायचं. मोठ्या गोष्टींवर मात्र रात्रभर विचार करायचा आणि घरच्यांना विचारायचं. सध्या तरी असं चाललंय.

हे लिहीत असतानाच एका लांबच्या भाच्याचा फोन आला. “मावशी, तुझी प्रवासाची मोठी बॅग आठवडाभर देशील का?” मागच्या वेळी त्यानं नेलेली छत्री काड्या मोडून आली होती आणि त्याआधीची वस्तू अजून आलेलीच नाही. “ये घेऊन जायला,” म्हणाले. बॅगेचं एक चाक आधीपासूनच डुगडुगतंय, हे मात्र देतानाच दाखवून ठेवणार आहे.