दिमोनातली मावशी आणि जमिनीची सुट्टी

इस्राएलमधल्या बेर्शेबाहून दिमोनाची बस पकडली तेव्हा मे २०२२ चं ऊन चांगलंच तापलं होतं. दिमोना म्हटलं की लोकांना अणुभट्टी आठवते. मला आठवतात तिथली मराठी बोलणारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून गेलेल्या ज्यूंची, घरं. माझ्या मैत्रिणीची मावशी तिथं राहते. मूळची पेणची.

जेवण झाल्यावर तिनं लोकाटं पुढं ठेवली. चार खाल्ली, सालं घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे निघाले, तर मावशी ओरडलीच, "अगो, तिथं नको! ती वेगळी पिशवी बघ." ओट्याच्या कोपऱ्यात पिशवी लावलेला एक छोटा डबा होता. सालं, अर्धवट खाल्लेल्या फोडी, सगळं त्यात. ते सडून खाण्यालायक उरलं नाही की मगच नेहमीच्या कचऱ्यात.

कारण ते श्मिताचं वर्ष होतं. सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२, हिब्रू कालगणनेतलं ५७८२. तोरातली, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातली, आज्ञा अशी की सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या. पेरणी नाही, छाटणी नाही. झाड मरू नये एवढं पाणी घालायची मुभा. आपोआप येईल ते सगळ्यांचं, गोरगरिबांचं आणि गुराढोरांचंही. अशा फळाला पावित्र्य असतं, म्हणून ते वाया घालवायचं नाही, त्याचा धंदा करायचा नाही.

मग बाजार चालतो कसा? मावशीबरोबर भाजीला गेले तर दुकानात पाट्याच पाट्या. एक माल 'ओत्सार बेत दिन'चा: धार्मिक न्यायालय शेतकऱ्याला आपला माणूस नेमतं, आपण पैसे देतो ते तोडणी-वाहतुकीचे, फळाचे नाहीत. दुसरा बिगरज्यू शेतकऱ्यांचा. तिसरा दक्षिणेकडच्या अरावा खोऱ्याच्या दक्षिण भागातला; तो भाग प्राचीन काळी बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्या ज्यूंच्या हद्दीबाहेर धरतात, म्हणून तिथला माल चालतो. आणि सगळ्यात वादग्रस्त 'हेतेर मेखिरा': वर्षापुरती जमीन बिगरज्यू माणसाला विकायची आणि कसत राहायचं. ही सवलत १८८८-८९ च्या श्मितात निघाली, कारण इथल्या ज्यू शेतकऱ्यांच्या तेव्हाच्या नव्या वसाहती उपाशी मेल्या असत्या. याफा शहराचे रब्बी (धर्मगुरू) कूक यांनी पुढं १९०९-१० मध्ये ती उचलून धरली. हरेदी, म्हणजे अतिकर्मठ ज्यूंमधले कडवे लोक, आजही ती मानत नाहीत.

कागदावरची विक्री ऐकून आधी मला हसू आलं. पण शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघितलं तर एक अख्खं वर्ष उत्पन्न बंद म्हणजे काय, ते कळतं. खटकलं ते दुसरंच. पाट्यांच्या एवढ्या गर्दीत 'कुंपण उघडा, कुणीही या, तोडा, खा' हा भाग मला कुठंच दिसला नाही. माझ्या मते मूळ गोष्ट तीच.

"पेणला पाळायचात हे?" मी विचारलं.

"छे! तिथं कुठली श्मिता? ती ह्याच जमिनीची. आमच्याकडे शब्बाथ, आठवड्याच्या विसाव्याचा दिवस. शनिवारी तेलाचा घाणा बंद."

म्हणूनच कोकणात बेने इस्राएलांना शनवार तेली म्हणत. अडीच हजार मैलांवर आठवड्याची सुट्टी टिकली. सातव्या वर्षाची मात्र मावशी इथं आल्यावर शिकली.

निघताना उरलेली लोकाटं पुण्याला नेते म्हटलं. मावशीनं पिशवी काढूनच घेतली. श्मिताचं फळ देशाबाहेर न्यायचं नसतं म्हणे.

"बस यायला अर्धा तास आहे," ती म्हणाली, "बस खाली, आणि संपव."