डेल्टा वाईट की ओमायक्रॉन?

सक्करदऱ्याच्या बाजारात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, अजूनही कोणी ना कोणी विचारतंच: "सिस्टर, डेल्टानं माणसं नेली, ओमायक्रॉन तर नुसती सर्दी होती. अन् लस घेऊनही तो झालाच ना? मग लसीनं केलं काय?" मी नागपुरात परिचारिका होते आणि कोरोनाच्या दिवसांत महापालिकेच्या केंद्रावर लस देत होते, म्हणून लोक मला विचारतात. उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. आज बसून लिहिते. डेल्टा आणि ओमायक्रॉन म्हणजे कोरोनाच्या विषाणूचीच बदललेली दोन रूपं.

आधी माझ्या घरचं सांगते. एप्रिल २०२१ मध्ये, डेल्टाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या घरातली पाचही माणसं एकाच आठवड्यात आजारी पडली. पहिल्या लाटेत घरात एखाद्यालाच व्हायचा, बाकीचे सुटायचे. या वेळी कोणी सुटलं नाही. सासूबाई वर्ध्याला नणंदेकडे होत्या, तेवढ्या वाचल्या. मला तीन दिवस ताप आला आणि उतरला. माझे मोठे दीर, आमच्याकडे भासरे म्हणतात, अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांना आम्ही अंगणात सहा मिनिटं चालायला लावलं आणि बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावला. चालण्याआधी ९५ होता, नंतर ८९. खाटेसाठी रात्रभर फोन केले. खाट मिळाली, पण नवव्या दिवशी ते गेले.

"लस घेऊन गेले," असं नातेवाईक आजही म्हणतात. पंचेचाळीसच्या वरच्यांना लस खुली झाली १ एप्रिलला. भासऱ्यांनी पहिला डोस घेतल्यावर सहाव्या दिवशी त्यांना ताप आला. शरीराला लस ओळखून तयारी करायलाच दोन-तीन आठवडे लागतात. आरोग्य कर्मचारी म्हणून माझे दोन्ही डोस फेब्रुवारीतच झाले होते. एका घरावरून काही सिद्ध होत नाही, मी वयानंही लहान होते, हे मला कळतं. म्हणून मोठ्या अभ्यासाकडे बघावं लागतं. आपली कोविशील्ड म्हणजे ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाचीच लस. इंग्लंडमध्ये तिचा हिशेब मांडला गेला: डेल्टामुळे लक्षणं दिसण्यापासून एका डोसनं सुमारे ३० टक्के संरक्षण, दोन डोसनं ६७ टक्के. दवाखान्यात भरती होण्यापासून मात्र दोन डोसनं ९० टक्क्यांहून जास्त. भासऱ्यांच्या वाट्याला ते तीसही आले नव्हते.

डेल्टा आपल्याच देशात पहिल्यांदा सापडला. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती-नागपूरकडे रुग्ण वाढायला लागले होते. २४ मार्चला केंद्र सरकारनं महाराष्ट्राच्या नमुन्यांमधल्या 'डबल म्युटंट'ची, म्हणजे दोन मोठे बदल झालेल्या विषाणूची, बातमी दिली. डेल्टा त्याच कुळातला. आधीच्या अल्फा या रूपापेक्षा तो जास्त पसरायचाच, शिवाय भरती होण्याचा धोका इंग्लंडच्या आकड्यांत जवळपास दुप्पट निघाला. म्हणजे पसरण्यातही पुढे आणि मारण्यातही. विषाणू हळूहळू सौम्यच होत जातो, असं लोक ठामपणे सांगतात. तसा काही नियम नाही. कोरोनाचा रुग्ण पहिल्या आठवड्यातच दुसऱ्यांना देऊन मोकळा होतो. तो पुढे वाचला की गेला, याचा विषाणूच्या पसरण्यावर फारसा परिणाम होत नाही.

आता ओमायक्रॉन. दक्षिण आफ्रिकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये जगाला सांगितलं तेव्हा त्याच्या काटेरी प्रथिनात तीसहून जास्त बदल होते. लसीनं तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारे रक्तातले पहारेकरी, त्याला नीट ओळखेनात. दोन डोस होऊन काही महिने झाले असतील, तर लागण रोखण्यात लसीचा जोर जवळजवळ उरत नव्हता. हे खरं आहे आणि मी ते कोणापासून लपवलं नाही. पण तो फुफ्फुसात खोल कमी शिरायचा, वरच्या श्वासमार्गातच जास्त वाढायचा. आणि दुसरी गोष्ट अशी, की तो आला तेव्हा आपण तेच राहिलो नव्हतो. जानेवारी २०२२ पर्यंत देशातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांचा पहिला डोस झाला होता आणि कित्येकांना डेल्टा होऊन गेला होता. सरकारी आकड्यांत दुसऱ्या लाटेत एका दिवशी चार लाखांवर रुग्ण सापडले, तिसऱ्यातही साडेतीन लाखांच्या जवळ गेले. दिवसाचे मृत्यू मात्र चार हजारांवरून निम्म्याच्याही खाली आले.

यात विषाणूचा सौम्यपणा किती आणि आपली तयारी किती? हाँगकाँगकडे बघा. तिथे आधी कोरोना फार पसरलाच नव्हता आणि बऱ्याच म्हाताऱ्यांनी लस घेतली नव्हती. २०२२ च्या सुरुवातीला तिथे ओमायक्रॉनच शिरला आणि नऊ हजारांवर माणसं गेली, त्यातली बहुतेक लस पूर्ण न झालेली म्हातारी. सर्दीनं असं होत नाही.

आमच्या शेजारच्या वहिनींनी त्याच जानेवारीत विचारलं, "भरती झालेल्यांत अर्धे लसवालेच आहेत म्हणतात, ते काऊन?" त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी त्यांच्याच सुपात दाणे मांडले. समजा एक हजार म्हातारी माणसं, नऊशे लसवाली, शंभर बिनलसवाली. बिनलसवाल्यांत शंभरात दहा भरती झाले: दहा दाणे. लसवाल्यांत शंभरात एकच: नऊशेत नऊ दाणे. वॉर्डात एकोणीस, त्यात नऊ लसवाले, म्हणजे जवळपास निम्मे. तरी धोका दहापट कमी. वहिनींनी दाणे दोनदा मोजले आणि म्हणाल्या, "अन् मी एवढे दिवस उलटंच समजत होती." पसरण्याचंही असंच आहे. हजारांत दहा मारणारा आजार हजार जणांना झाला तर दहा जातात. हजारांत पाचच मारणारा चार हजारांना झाला तर वीस. म्हणून 'सौम्य' हा शब्द ऐकला की मी आधी विचारते, किती जणांना होणार आहे?

सासूबाईंनाही त्याच महिन्यात झाला. वय एकोणऐंशी, दोन्ही डोस झालेले. चार दिवस खोकला. ऑक्सिमीटर मी दर दोन तासांनी लावायची, ९६ च्या खाली आला नाही. पाचव्या दिवशी त्या उठून बसल्या आणि मला विचारलं, "हा तोच होता का गं, ज्यानं माझा पोरगा नेला?"

मी म्हटलं, "नाही आई. त्याच जातीचा, पण दुसरा."

"मले त्याच्या टायमाले का नाही नेलं मग," एवढंच बोलल्या.

बरं झाल्यावर तीन महिने थांबायचा नियम होता. एप्रिलमध्ये, भासऱ्यांच्या वर्षश्राद्धानंतर, त्या बूस्टरसाठी केंद्रावर आल्या. मी नवी व्हायल, म्हणजे लसीची बाटली, उघडली, लेबलवर वेळ लिहिली, कारण उघडल्यावर चार तासांत संपवावी लागायची, आणि एका व्हायलमध्ये दहा जणांचे डोस असायचे. सासूबाईंनी दंड पुढे केला. "बाकी नऊजण आलेत का बाहेर?" त्यांनी विचारलं. बाहेर सातच होते. त्या अर्धा तास बसायच्या खुर्चीवर बसल्या नाहीत, दारात उभ्या राहिल्या आणि रस्त्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना हाका मारून आत घेऊन आल्या.