निके बिस्किट

आमच्याकडे पाहुणे आले की बशीत एक ठरावीक बिस्किट यायचं. चौकोनी, कडेला दातेरी नक्षी, वर साखरेचे दाणे, खोबऱ्याचा वास, आणि मधोमध उमटवलेली चार इंग्रजी अक्षरं. माझी एबीसीडी नुकतीच पाठ झाली होती. एन, आय, सी, ई. मी अक्षरं जुळवून पाहुण्यांसमोर मोठ्यांदा वाचलं, "निके!"

पाहुणे हसले. आई म्हणाली, "नाइस गं, नाइस." आजोबा मात्र चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, "हसताय काय? बरोबर वाचलंय तिनं. निकें म्हणजे चांगलं. ज्ञानेश्वरी उघडून बघा." तेवढ्यात बिस्किटाचा अर्धा तुकडा कपात पडला आणि विषय तिथंच बुडाला.

आजोबांचं खरं होतं. ज्ञानेश्वरीत 'निकें' ठिकठिकाणी भेटतं, आणि त्याचा अर्थ चांगलं, उत्तम असाच आहे. म्हणजे मी उच्चार साफ चुकवूनही अर्थ अचूक गाठला होता. (ह्या बिस्किटाचा उच्चार नाइस की फ्रान्समधल्या शहरासारखा नीस, यावर इंग्रज लोकही वाद घालतात. त्या शहराचं नाव ग्रीक 'निकाया'वरून आलंय, म्हणजे पुन्हा 'निके'च्या जवळपासच.)

ही आठवण निघाली ती भाच्यामुळे. कोकणातून परत आल्यावर मी घरच्या ग्रुपवर प्रवासवर्णन टाकलं. बाराशे शब्द, पुन्हा पुन्हा खोडून लिहिलेले. नवव्या सेकंदाला भाच्याचं उत्तर आलं: "नाइस मावशी." नऊ सेकंदांत तर माझी एसटी स्टँडातून बाहेरसुद्धा पडत नाही! त्या चिडचिडीत मी हा शब्द आला कुठून ते शोधायला बसले.

आला लॅटिनमधून. मूळ शब्द 'नेस्कियस'. त्यातला 'ने' म्हणजे आपला 'न'च, आणि 'स्किरे' म्हणजे जाणणं. सायन्स त्याच 'स्किरे'च्या घरातलं. तेव्हा नेस्कियस म्हणजे अजाण, ज्याला काही कळत नाही असा. फ्रेंचांनी तो 'बावळट' या अर्थानं वापरला आणि 1300च्या सुमारास इंग्रजीतही तो त्याच अर्थानं शिरला. त्या काळात कुणी जावयाला 'नाइस' म्हटलं असतं तर लग्न मोडलं असतं.

चौदाव्या शतकातला कवी चॉसर 'ट्रॉयलस अँड क्रिसेड' या काव्यात एके ठिकाणी म्हणतो की हजार वर्षांत बोली बदलते, एके काळी ज्या शब्दांना मोल होतं ते आता आपल्याला चमत्कारिक आणि खुळचट वाटतात. त्यातल्या 'खुळचट'साठी त्यानं वापरलेला शब्द कोणता? नाइस! शब्द पालटतात हे सांगायला घेतलेला शब्दच पुढे पालटला. चॉसरला हे कळलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

मग पुढची दोन-तीनशे वर्षं हा शब्द सैरावैरा धावला. छचोर, लाजाळू, नाजूक, सोवळा, काटेकोर, क्षुल्लक, ज्याला जो हवा तो अर्थ त्यानं घेतला. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कित्येक वाक्यांत लिहिणाऱ्याला नेमकं काय म्हणायचंय ते सांगता येत नाही, असं ऑक्सफर्डच्या कोशकारांनीही लिहून ठेवलंय. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये महत्त्वाचं पत्र पोचलंच नाही हे कळल्यावर धर्मगुरू हवालदिल होऊन म्हणतो, ते पत्र 'नाइस' नव्हतं. आजच्या कानाला वाटेल, पत्रात काहीतरी टोचून लिहिलं असणार. त्याला म्हणायचंय, ते ऐरंगैरं पत्र नव्हतं, जीवनमरणाचा मामला होता.

या सगळ्या अर्थांतला मला सगळ्यांत आवडलेला म्हणजे चोखंदळ. माझी आत्या मंडईत प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघायची. मोडलं तर पिशवीत, वाकलं तर परत ढिगात. पावशेर भेंडीला दहा मिनिटं. भाजीवाली म्हणायची, "अहो बाई, भेंडी घेताय का सून बघताय?" त्या अर्थानं आत्या शंभर टक्के नाइस होती. आजच्या अर्थानं तिला नाइस म्हणायला भाजीवाली तयार झाली नसती.

काटेकोरपासून बारीक, सूक्ष्म अशा अर्थाला शब्द पोचला (बारीक भेदाला इंग्रजीत अजूनही 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणतात), आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकदम गोड झाला. इतका, की जेन ऑस्टिनला त्याची टिंगल करावीशी वाटली. तिच्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी'त, म्हणजे 1817च्या अखेरीस आलेल्या कादंबरीत, नायिका एका पुस्तकाला नाइस म्हणते. नायक म्हणतो, नाइस म्हणजे नीटनेटकं ना? मग ते बांधणीवर अवलंबून. आणि मग चिडवत सुटतो: आजचा दिवस नाइस, आपलं फिरणं नाइस, तुम्ही दोघी नाइस, काय सोयीचा शब्द आहे, कशालाही चालतो! म्हणजे माझ्या भाच्याचं दुखणं दोनशे वर्षांचं जुनं आहे.

बावळटाचं असं भलं झालं, पण 'सिली'ची गत उलटी. जुन्या इंग्रजीत तो सुखी, दैवाची कृपा असलेला होता. मग भाबडा झाला, मग बिचारा, आणि शेवटी खुळा. आपल्याकडे तर एका सम्राटाच्या बिरुदावर ही पाळी आली. अशोक आपल्या शिलालेखांत स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवतो, देवांचा लाडका. त्या लेखांतला एक तुकडा 1882मध्ये आपल्या सोपाऱ्याला सापडला. आणि भट्टोजी दीक्षितांचा संस्कृत व्याकरणावरचा ग्रंथ 'सिद्धान्तकौमुदी' उघडला तर 'देवानांप्रिय'चा अर्थ दिलाय, मूर्ख! फार लाडावलेल्या पोराबद्दल शेजारपाजारचे काय म्हणतात ते आठवलं की हे अवघड वाटत नाही.

आणि 'मस्त'? फारसीत मस्त म्हणजे झिंगलेला. माजावर आलेल्या हत्तीसाठी इंग्रजांनी तोच शब्द उचलला. मराठीनं दोन्ही अर्थ एकाच घरात ठेवलेत. "आमटी मस्त झालीय" म्हणणाऱ्या पोरालाच, त्यानं ताट ढकललं की, "मस्ती आलीय का?" हे ऐकावं लागतं.

हे सगळं ग्रुपवर टाकावं असं फार मनात होतं. तेवढ्यात भाच्याचाच व्हिडिओ आला. लडाखची बाइकवारी, बेचाळीस मिनिटांची. गॅसवर दूध होतं, दारात कुरिअरवाला. मी अंगठ्यानं चार अक्षरं टाइप केली आणि पाठवून दिली.

त्यानं लगेच बदाम पाठवला. व्हिडिओ मी अजून उघडलेला नाही. त्यात काय आहे मला ठाऊक नाही, तेव्हा लॅटिनच्या हिशेबानं माझं उत्तर अगदी चोख होतं.